एकाच्या दाव्यातला निकाल दुसऱ्याला का बांधतो?

शब्दसेतू

न्यायालयांच्या निकालपत्रांचे मराठी भाषांतर करणे हे गेली काही वर्षे माझे काम आहे. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याची भाषा मला शब्दांच्या बाजूनेच शिकावी लागली. त्यातला एक शब्द मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही, आणि तो शब्द म्हणजे ‘बंधनकारक’.

एकाच निकालपत्रात हा शब्द दोन अगदी वेगळ्या अर्थांनी येतो. पहिला अर्थ सरळ आहे : ज्या दोघांचा वाद होता त्यांना निकाल मान्य करावाच लागतो आणि तोच वाद पुन्हा उकरून काढता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ११ हेच सांगते. ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे, कारण धर्मशास्त्रातील व्यवहारप्रकरणात प्रतिवादीच्या उत्तराचे जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांतला एक ‘प्राङ्न्याय’ आहे, म्हणजे ‘या वादाचा निवाडा पूर्वीच झाला आहे’ असे उत्तर. यात मला काही खटकत नाही. दोघांचे म्हणणे ऐकले, निवाडा झाला आणि दोघे बांधले गेले.

दुसऱ्या अर्थाने मात्र तोच निकाल अशा माणसाला बांधतो, जो त्या न्यायालयात कधी गेलाच नव्हता, ज्याला नोटीस मिळाली नव्हती आणि ज्याचे म्हणणे कोणी ऐकलेच नव्हते. वीस वर्षांनंतर त्याचा स्वतःचा वाद उभा राहतो, तेव्हा त्याला सांगितले जाते की हा प्रश्न अमुक निवाड्याने सुटलेला आहे. दुसऱ्याची बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये हे न्यायाचे पहिले तत्त्व मानायचे, आणि न ऐकलेल्याला बांधायचे, हे दोन्ही एकत्र कसे नांदते? आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील अनुच्छेद ५९ तर स्पष्ट म्हणतो की निर्णय त्या पक्षकारांपुरता आणि त्या प्रकरणापुरताच बंधनकारक आहे. मग काही देशांत निकाल सर्वांना का बांधतो, आणि काही देशांत तो तसा बांधत नाही म्हणतात ते खरे आहे का?

फ्रान्सच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाची जुनी निकालपत्रे मी भाषांतरातून वाचली आहेत. संपूर्ण निर्णय एकाच लांबलचक वाक्यात, एखाद्या पानात संपतो. आपल्याकडची निकालपत्रे शेकडो पानांची असतात. निकाल किती बांधतो आणि तो किती लांब लिहिला जातो यांचा काही संबंध असेल, असे मला राहून राहून वाटते. जाणकारांनी लिहावे ही विनंती.

पूर्वपक्ष

शब्दसेतू, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्याच क्षेत्रात आहे, म्हणून शब्दांपासूनच सुरुवात करतो. आपल्या संविधानाचा अनुच्छेद १४१ ‘निर्णय बंधनकारक असेल’ असे म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘घोषित केलेला कायदा’ भारताच्या राज्यक्षेत्रातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असेल, असे तो म्हणतो. हीच शब्दरचना १९३५ च्या भारत सरकार अधिनियमाच्या कलम २१२ मध्ये होती. तेव्हा ती फेडरल कोर्ट आणि लंडनमधील प्रिव्ही कौन्सिल (त्या काळचे आपले अंतिम अपील न्यायालय) यांच्याविषयी होती. म्हणजे अ ने ब ला किती पैसे द्यायचे हा हुकूम त्या दोघांनाच बांधतो. तो हुकूम ज्या विधितत्त्वावर उभा आहे, ते तत्त्व पुढच्यांना बांधते. आम्ही वकील त्याला ‘रेशो’ म्हणतो. निकालाच्या ओघात न्यायाधीशांनी केलेली इतर विधाने, जी काढून टाकली तरी निकाल तसाच उभा राहतो, ती ‘ऑबिटर’. ती आदराने वाचावीत, पण ती बांधत नाहीत.

हे सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे. स्कॉटलंडमधील पेस्ली या गावी १९२८ मध्ये घडलेल्या घटनेवरून उभा राहिलेला ‘डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ हा १९३२ चा निवाडा घ्या. मैत्रिणीने विकत घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या अपारदर्शक बाटलीतून गोगलगाईचे अवशेष निघाले, असा त्या बाईंचा दावा होता. बाटली त्यांनी स्वतः विकत घेतलेली नसल्यामुळे त्यांचा कोणाशीच करार नव्हता. तरीही उत्पादकावर अंतिम ग्राहकाविषयी काळजी घेण्याचे कर्तव्य आहे, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले. आता यातले बांधणारे तत्त्व कोणते? बंद बाटलीतील पेयापुरते? आत काय आहे हे विकत घेणाऱ्याला तपासता येत नाही अशा सर्व वस्तूंपुरते? की आपल्या कृतीने ज्याला इजा होईल असे आधी दिसू शकते, अशा कोणाहीविषयी काळजी घ्यावी इतके व्यापक? तिन्ही वाचने त्या निकालपत्रातून काढता येतात, आणि त्यांतले कोणते खरे हे त्या दिवशी ठरले नाही. ते नंतरच्या न्यायालयांनी ठरवले. पूर्वनिर्णय मागे वळून बांधतो असे आपण म्हणतो, पण त्याने नेमके काय बांधले हे बहुतेक वेळा पुढे आलेला न्यायाधीश सांगतो.

एक अनुभव सांगतो. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात मी एक निवाडा न्यायालयाला दाखवला आणि त्यातले एक ठाशीव वाक्य वाचून दाखवले. न्यायाधीशांनी शांतपणे विचारले, ‘हे कोणत्या परिच्छेदात आहे?’ ते वाक्य निकालपत्रात नव्हतेच. ते शीर्षटीपेत, म्हणजे छापील निवाड्याच्या वर दिलेल्या सारांशात होते, आणि शीर्षटीप निवाडे छापणाऱ्या वृत्तपत्रिकेचा संपादक लिहितो, न्यायालय लिहीत नाही. त्या दिवसापासून मी पूर्ण निकालपत्र वाचल्याशिवाय उभा राहत नाही.

दुसरी गोष्ट पीठाच्या आकाराची. आपल्याकडे बंधनाची शिडी केवळ न्यायालयांची नाही, पीठांचीही आहे. उच्च न्यायालयात एकल न्यायाधीश दोघांच्या खंडपीठाने बांधलेला असतो आणि खंडपीठ तीन किंवा अधिक जणांच्या पूर्णपीठाने. समान संख्येच्या दुसऱ्या पीठाशी मतभेद झाला, तर स्वतः वेगळा निर्णय न देता प्रकरण मोठ्या पीठाकडे जावे म्हणून मुख्य न्यायमूर्तींपुढे ठेवावे लागते. सर्वोच्च न्यायालयापुरते हे डिसेंबर २००४ च्या दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांनी स्पष्ट केले. २०२२ च्या ‘त्रिमूर्ती फ्रॅग्रन्सेस’ निवाड्यानुसार तर बहुमत किती मोठे होते याला महत्त्व नाही, पीठ किती मोठे होते याला आहे. सात जणांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी दिलेला निर्णय पाच जणांच्या एकमुखी निर्णयावर चढ ठरतो.

आणि एक सावधगिरी. विशेष अनुमती याचिका, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याची परवानगी मागणारी याचिका, ‘फेटाळली’ एवढ्या एका शब्दात निकाली निघते, तेव्हा बातम्यांत ‘सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचे मत उचलून धरले’ असे छापून येते. ते बरोबर नाही. ‘कुन्हायम्मद’ प्रकरणात २००० साली ठरल्याप्रमाणे कारणे न देता फेटाळलेल्या याचिकेमुळे अनुच्छेद १४१ खाली कोणताही कायदा घोषित होत नाही. जिथे कारण नाही तिथे तत्त्व नाही, आणि जिथे तत्त्व नाही तिथे पुढच्याला बांधायलाही काही नाही.

सीमापार

मी कायद्याचे शिक्षण जर्मनीत घेतले आणि तिथेच काम करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

फ्रान्सपासून सुरू करायला हवे, कारण नकार तिथे सर्वांत स्पष्ट शब्दांत दिला गेला. १८०४ च्या नागरी संहितेचा अनुच्छेद ५ न्यायाधीशांना समोरच्या प्रकरणात सर्वसाधारण नियम घालून देण्यास मनाई करतो. यामागे राग होता. क्रांतीपूर्वीची ‘पार्लमां’ नावाची उच्च न्यायालये पुढील सर्व प्रकरणांना लागू होतील असे नियमवजा हुकूम काढत असत, राजाच्या सुधारणाही अडवत असत, आणि तिथली पदे विकत घेता येत, वारशाने मिळत. लोकांनी निवडलेल्या सभेने कायदा करावा आणि न्यायाधीशाने तो फक्त लावावा, ही त्या अनुभवातून आलेली भूमिका आहे. आजही एखाद्या फ्रेंच न्यायालयाने ‘वरिष्ठ न्यायालयाने पूर्वी असे ठरवले आहे’ एवढेच कारण देऊन निकाल दिला, तर तो कायद्याचा आधार नसल्यामुळे रद्द होतो. शब्दसेतू, तुमचा संशय योग्य दिशेने जातो असे मला वाटते. ज्या निकालाला पुढच्यांसाठी काही सांगायचेच नाही, असे गृहीत आहे, त्याला फार बोलण्याचे कारण नसते. आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून ती एकवाक्यी शैली सोडून साध्या, परिच्छेदवार लेखनाकडे जाणे स्वीकारले, हेही त्याच संबंधाचे दुसरे टोक आहे. आपले निर्णय पुढे वापरले जातात हे आता ते लपवत नाहीत.

कारण प्रत्यक्षात ते वापरले जातातच. बेलफोर येथे १९२५ मध्ये एका मुलीला मालमोटारीने जखमी केले. चालकाची चूक सिद्ध करावी लागेल, की ‘ताब्यातील वस्तूंमुळे’ झालेल्या हानीची जबाबदारी चुकीशिवायही येते, हा प्रश्न होता. संहितेच्या तत्कालीन अनुच्छेद १३८४ मध्ये या अर्थाचे काही शब्द होते, आणि ते लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने पुढच्या तरतुदींची निव्वळ प्रस्तावना होते. १३ फेब्रुवारी १९३० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व कक्षांनी एकत्र बसून त्या शब्दांतून चुकीविना जबाबदारीचा संपूर्ण नियम उभा केला. रस्ते अपघातांसाठी स्वतंत्र कायदा १९८५ मध्ये आला. तोपर्यंतची पंचावन्न वर्षे देशभरातील अपघातग्रस्तांना भरपाई मिळाली ती मुख्यतः या न्यायनिर्मित नियमावर. ज्या देशात निर्णय बांधत नाही असे शिकवले जाते, त्या देशातली ही गोष्ट आहे.

जर्मनीत मूलभूत कायद्याचा, म्हणजे तिथल्या संविधानाचा, अनुच्छेद ९७ न्यायाधीशाला स्वतंत्र आणि फक्त कायद्याच्या अधीन ठेवतो. एक मोठा अपवाद आहे : संघीय संवैधानिक न्यायालयाच्या अधिनियमाच्या कलम ३१ नुसार त्या न्यायालयाचे निर्णय सर्व न्यायालयांवर, प्राधिकरणांवर आणि संवैधानिक संस्थांवर बंधनकारक आहेत, आणि काही निर्णयांना तर कायद्याचेच बळ मिळते. तिथेही फक्त आदेश बांधतो की आदेशाला पेलणारी कारणेही बांधतात, यावर विद्वानांत वाद आहे. पूर्वपक्ष यांचा रेशोचा प्रश्न वेगळ्या पोशाखात तिथेही उभा आहेच.

इतर न्यायालयांबाबत बंधन नाही, पण त्याची जागा घेणारी यंत्रणा आहे. संघीय न्यायालयाच्या एका सेनेटला (तिथे न्यायाधीशांच्या पीठाला सेनेट म्हणतात) दुसऱ्या सेनेटच्या मतापासून दूर जायचे असेल, तर आधी त्या सेनेटला विचारावे लागते की ती आपल्या मतावर कायम आहे का. ती कायम असेल तर प्रश्न मोठ्या सेनेटकडे जातो. आपल्याकडच्या मोठ्या पीठाच्या पद्धतीशी हे किती जुळते पाहा. शिवाय सर्वोच्च न्यायालयाची प्रस्थापित मते माहीत नसलेला वकील पक्षकाराला नुकसानभरपाई देणे लागतो. न्यायाधीश मोकळा आहे, पण त्याच्यासमोर उभा असलेला वकील मोकळा नाही, आणि प्रत्येक वकील तेच निवाडे मांडत असताना न्यायाधीशाचे मोकळेपण व्यवहारात बरेच अरुंद होते.

तळटीप

मी हा विषय शिकवते, आणि दरवर्षी पहिल्याच तासाला विद्यार्थी ठरावीक वाक्य सांगतात : ‘इंग्रजी परंपरेत पूर्वनिर्णय बांधतो, युरोपीय परंपरेत बांधत नाही.’ वरचे दोन्ही प्रतिसाद वाचल्यावर या वाक्यात किती कमी सत्य आहे ते दिसते. मी इंग्लंडच्या बाजूनेही ते थोडे सैल करते.

कडक बंधन ही इंग्लंडमधली अनादी गोष्ट नाही. त्यासाठी आधी विश्वासार्ह वृत्तांत छापले जावे लागतात, आणि त्यांची पद्धतशीर मालिका १८६५ मध्ये सुरू झाली. हाउस ऑफ लॉर्ड्सने स्वतःचे निर्णय स्वतःलाही बांधतात असे पक्केपणाने म्हटले ते १८९८ च्या ‘लंडन ट्रामवेज’ प्रकरणात, आणि जुलै १९६६ मध्ये एका निवेदनाद्वारे ते बंधन सोडूनही दिले. म्हणजे ज्याला आपण इंग्रजी परंपरेचा कणा समजतो, तो सर्वोच्च स्तरावर पुरती सत्तर वर्षेही टिकला नाही. १९८६ मध्ये तर ‘शिवपुरी’ या फौजदारी प्रकरणात त्यांनी आपलाच आदल्या वर्षीचा निर्णय चुकला होता असे मान्य करून बाजूला ठेवला. अपील न्यायालय मात्र १९४४ च्या ‘यंग विरुद्ध ब्रिस्टल एरोप्लेन’ पासून आजही स्वतःच्या निर्णयांनी बांधलेले आहे : आधीचे दोन निर्णय परस्परविरोधी असतील, वरच्या न्यायालयाच्या निर्णयाशी विसंगत असतील, किंवा लागू कायदा नजरेआड करून दिलेले असतील तरच सुटका.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तर हा मोकळेपणा इंग्लंडच्या अकरा वर्षे आधी घेतला. १९५५ च्या ‘बेंगॉल इम्युनिटी’ प्रकरणात अनुच्छेद १४१ मधील ‘सर्व न्यायालये’ यांत सर्वोच्च न्यायालय स्वतः येत नाही असे ठरले, आणि अवघा दोन वर्षांपूर्वीचा विक्रीकराचा निर्णय बदलला गेला. मला हा निवाडा फार महत्त्वाचा वाटतो. ज्या न्यायालयाच्या वर दुसरे न्यायालय नाही, त्याने स्वतःला कायमचे बांधून घेतले तर संविधानाच्या अर्थाविषयीची चूक दुरुस्त करण्यासाठी संविधान दुरुस्तीखेरीज मार्ग उरत नाही.

इकडून सैल होत असताना तिकडून दोर आवळला जात होता. ब्राझील हा संहितेच्या परंपरेतला देश. तिथे २००४ च्या पंचेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सर्वोच्च न्यायालयाला वारंवार आलेल्या घटनात्मक प्रश्नांवर दोन तृतीयांश मतांनी, म्हणजे अकरापैकी आठ न्यायाधीशांनी, एक छोटे सूत्र काढण्याचा अधिकार दिला, आणि ते सूत्र सर्व न्यायालयांवर तसेच प्रशासनावरही बंधनकारक ठरते. मेक्सिकोत दीर्घकाळ एकाच दिशेने लागोपाठ पाच निर्णय झाले म्हणजे ते मत बंधनकारक, असा नियम होता. चीनने २०१० मध्ये ‘मार्गदर्शक प्रकरणे’ सुरू केली : सर्वोच्च लोकन्यायालय निवडक प्रकरणे त्यांच्या सारांशासह प्रसिद्ध करते आणि खालच्या न्यायालयांनी ती विचारात घ्यावीत अशी अपेक्षा असते, निकालाच्या कारणमीमांसेत त्यांचा उल्लेख चालतो, निकालाचा कायदेशीर आधार म्हणून चालत नाही.

यात एक फरक मला मूलभूत वाटतो. ब्राझीलचे सूत्र किंवा चीनचा सारांश हा तथ्यांपासून सोडवलेला नियम आहे, कायद्याच्या कलमासारखा. आपल्याकडचा रेशो तथ्यांत रुतलेला असतो. शब्दसेतू, तुमच्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर याच रुतलेपणात आहे. ज्याचे म्हणणे पूर्वी ऐकले गेले नाही, तो नंतर न्यायालयात येऊन म्हणू शकतो की ‘त्या प्रकरणातली तथ्ये वेगळी होती, माझ्या प्रकरणात असे काही आहे जे तिथे नव्हते आणि ज्यामुळे ते तत्त्व मला लागू होऊ नये’. न्यायालयाला त्यावर कारणांसह उत्तर द्यावे लागते. तिसऱ्या माणसाची सुनावणी पूर्वी झाली नाही हे खरे आहे. ती आता होते, फक्त कोऱ्या पाटीवर होत नाही. आणि पाटी कोरी ठेवायची म्हटले तर सारख्या दोन माणसांना दोन वेगळे न्याय मिळतील. ते मला न ऐकलेल्याला बांधण्याहून मोठे अन्याय्य वाटते.

पूर्वपक्ष

तळटीप यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी तत्त्वतः सहमत आहे, पण खालच्या न्यायालयात रोज उभा राहणारा म्हणून एक हरकत नोंदवतो. ‘तथ्ये वेगळी आहेत’ हे म्हणणे तेव्हाच चालते, जेव्हा ती खरोखर वेगळी असतात. तथ्ये तीच आहेत आणि पूर्वनिर्णयच चुकीचा आहे, असे ज्याचे म्हणणे आहे, त्याला शिडीच्या टोकापर्यंत चढल्याशिवाय पर्याय नाही. खासगीपणाचा हक्क पाहा. १९५४ मध्ये झडती आणि जप्तीच्या प्रश्नाच्या ओघात आठ न्यायाधीशांच्या पीठाने, असा मूलभूत हक्क आपल्या संविधानात नाही, अशा अर्थाचे एक विधान केले. ते रेशो होते की नाही यावरच वाद होता, तरी ते पूर्णपणे बाजूला सारण्यासाठी नऊ न्यायाधीश बसावे लागले, आणि तो दिवस उजाडला २४ ऑगस्ट २०१७ रोजी. त्रेसष्ट वर्षे. मधल्या काळात लहान पीठांनी वाट काढली हे मान्य, पण तो प्रश्न नऊ जणांसमोर नेण्याची ताकद किती पक्षकारांकडे असते?

मोठ्या पीठाकडे संदर्भ गेला आहे म्हणून खालच्या न्यायालयाने थांबावे, असेही नाही. लडाखच्या २०२३ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना बजावले आहे की आज जो कायदा उभा आहे त्यानुसारच निकाल द्या, आणि समान संख्येच्या दोन पीठांत विरोध असेल तर आधीचा निर्णय पाळा. शिस्तीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण जर्मनीतल्या जिल्हा न्यायाधीशाला ‘मला हे मत पटत नाही, आणि माझी कारणे ही’ असे म्हणता येते, आपल्याकडच्या न्यायाधीशाला येत नाही, याची मला खंत वाटते. खालून आलेले कारणयुक्त मतभेद हे वरच्या न्यायालयासाठी सर्वांत उपयुक्त साहित्य असते.

सीमापार

पूर्वपक्ष, त्या मोकळेपणाची किंमत मी जवळून पाहिली आहे, म्हणून त्याचे चित्र पूर्ण करतो. मी वर सांगितलेल्या फ्रेंच अपघाताकडेच परत या. मुलीच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने पहिला निर्णय १९२७ मध्येच दिला होता. प्रकरण फेरनिर्णयासाठी दीजों येथील अपील न्यायालयाकडे गेले, आणि त्या न्यायालयाने सर्वोच्च न्यायालयाचे मत मानले नाही. तसे करण्याचा त्याला अधिकार होता. म्हणून सर्व कक्षांना १९३० मध्ये पुन्हा बसावे लागले. १८३७ च्या कायद्यानुसार अशा दुसऱ्या निर्णयानंतरच कायद्याचा मुद्दा फेरनिर्णय करणाऱ्या न्यायालयाला बांधतो. अपघात १९२५ चा, आणि नेमका कोणता कायदा लागू हे पक्के व्हायला पाच वर्षे. दीजोंच्या न्यायाधीशांनी दिलेली कारणे कदाचित उत्तम असतील, पण त्यांच्या वैचारिक स्वातंत्र्याचा खर्च एका जखमी मुलीच्या कुटुंबाने सोसला.

तुमच्या शिडीत चुकीचे तत्त्व सगळ्यांना सारखेच सोसावे लागते, आमच्या पद्धतीत वाद कोणत्या न्यायालयात पडला यावर बरेच अवलंबून राहते. मला दोन्ही नीट पटत नाही. आपल्याकडे खालच्या न्यायाधीशाने पूर्वनिर्णय पाळावा, पण आपली शंका निकालपत्रात मोकळेपणाने नोंदवावी, अशी सवय रूढ झाली तर तुमची खंत काही अंशी दूर होईल असे वाटते. ते करण्यास अनुच्छेद १४१ आड येत नाही.

शब्दसेतू

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या कामापुरता एक निर्णय मी घेतला आहे. यापुढे ‘निर्णय बंधनकारक’ असे सरसकट लिहिणार नाही. जिथे पक्षकारांपुरते बंधन आहे तिथे तसे स्पष्ट लिहीन, आणि जिथे तत्त्व बांधते तिथे ‘निर्णयातील विधितत्त्व’ असा शब्द वापरीन. मूळ वाक्य संदिग्ध असेल, तर ते संदिग्धच ठेवीन.

एक प्रश्न उरतो. पूर्वनिर्णय बंधनकारक होता म्हणून लोकांनी त्याप्रमाणे करार केले, कर भरले किंवा भरले नाहीत. वीस-तीस वर्षांनी न्यायालय म्हणते की तो निर्णय चूक होता. ज्यांनी बंधन प्रामाणिकपणे पाळले, त्यांचे काय?

तळटीप

हा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण इथे न्यायालयाच्या भूमिकेविषयीची जुनी समजूत अडचणीत येते. न्यायाधीश कायदा करत नाही, असलेला शोधून सांगतो, असे मानले तर बदललेला निर्णय म्हणजे कायदा पहिल्यापासून असाच होता, आणि सगळे मागचे व्यवहार उघडे पडतात. इंग्लंडमध्ये १९९८ च्या ‘क्लाइनवर्ट बेन्सन’ प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने जवळपास तिथवर मजल मारली : ज्यावेळी पैसे दिले त्यावेळी सर्वांची समजूत वेगळी होती, तरी ते ‘कायद्याविषयीच्या चुकीने’ दिले गेले असे धरून परत मागता येतात.

आपल्याकडे १९६७ च्या ‘गोलकनाथ’ निवाड्यात पुढील काळापुरताच निर्णय बदलण्याचे तंत्र प्रथम वापरले गेले. त्याचे सर्वांत तपशीलवार ताजे उदाहरण खनिज हक्कांवरील कराचे आहे. २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मतांनी १९८९ चा सात न्यायाधीशांचा ‘इंडिया सिमेंट’ निर्णय बदलला. स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) हा कर नाही आणि राज्यांना खनिज हक्कांवर कर लावता येतो, असे ठरवले. खाणमालकांनी मागणी केली की हे फक्त पुढच्यासाठी असावे. १४ ऑगस्टला न्यायालयाने ती नाकारली, पण तारखा आखून दिल्या : १ एप्रिल २००५ पूर्वीच्या व्यवहारांवर मागणी करता येणार नाही, थकबाकी १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत हप्त्यांनी द्यायची, आणि २५ जुलै २०२४ पूर्वीच्या काळासाठीच्या मागण्यांवर व्याज व दंड माफ. न्यायालय कायदा शोधते आहे असे हे वाचून वाटत नाही; दोन्ही बाजूंचा भार मोजून ते व्यवस्था लावते आहे, आणि तसे उघडपणे करणे मला अधिक प्रामाणिक वाटते. सीमापार, तुमच्याकडे याची काही लिखित तरतूद आहे ना?

सीमापार

आहे, आणि ती न्यायालयाने घडवलेली नसून कायदेमंडळाने आधीच लिहून ठेवलेली आहे, संघीय संवैधानिक न्यायालयाच्या अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये. एखादा कायदा रद्दबातल ठरला, तर त्यावर आधारलेले आणि आता ज्यांच्यावर अपील होऊ शकत नाही असे जुने निर्णय कायम राहतात. दिलेले पैसे त्या आधारावर परत मागता येत नाहीत. मात्र ज्यांची अंमलबजावणी अजून झालेली नाही, ती यापुढे करता येत नाही. आणि शिक्षा झालेल्या माणसाला आपला खटला पुन्हा उघडून मागण्याचा हक्क आहे, मग त्याला कितीही वर्षे झालेली असोत.

शब्दसेतू

म्हणजे पैशाच्या बाबतीत जिथे आहे तिथे रेघ, आणि तुरुंगवासाच्या बाबतीत रेघच नाही. या कलमाचे मराठी भाषांतर कुठे झालेले नसेल, तर ते मी करून याच धाग्यावर ठेवीन. त्यातील ‘कायम राहतात’ या शब्दांवर सीमापार यांनी कृपया नजर टाकावी.